सुजीतच्या दारातलं बाक

दुबईच्या ऊद मेथा भागातल्या त्या गल्लीत मिसळीची दुकानं दोनच होती आणि दोन्ही मराठी माणसांची. तेव्हा शांतता नांदण्याचा प्रश्न पहिल्यापासूनच नव्हता.

वासुदेवरावांचं दुकान अकरा वर्षांचं. दोन दारं सोडून सुजीतने दीड वर्षापूर्वी आपलं टाकलं, आणि तेव्हापासून वासुदेवरावांच्या छातीत जी जळजळ सुरू झाली, ती कुठल्याच गोळीला दाद देईना.

गल्लीतल्या दुकानदारांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. दुकानाच्या रुंदीप्रमाणे प्रत्येकाने पैसे घालायचे आणि त्यातून दिवे, कुंड्या, जाहिराती, शनिवारचा बाजार करायचा. माणूस गल्लीत आला की कुठल्या तरी दारात शिरेलच, असा त्यामागचा विचार. वासुदेवरावांनी मात्र ही गणपतीची वर्गणी धरली आणि ठरलेल्यापेक्षा दोन हजार दिरहम जास्त दिले.

"म्हणजे सेहेचाळीस हजार रुपये!" स्मिताताई नवऱ्यावर ओरडल्या.

"अगं, मोठी वर्गणी देणाऱ्याला आरतीचा मान असतो. इथे आरती नसेल, पण मान असेलच की!"

मान आला, पण सुजीतच्या दारात. सावलीचं छत, पाण्याचे तुषार उडवणारा पंखा आणि खाली देखणं लाकडी बाक.

वासुदेवराव तडक मंडळाच्या मॅनेजर नबिलाकडे गेले.

"मॅडम, पैसा सबसे जादा किसने दिया?"

"आपने, अंकल. शुक्रिया."

"तो फिर बेंच उसके सामने कैसे?"

नबिलाने शांतपणे समजावलं. प्रत्येक दारावरचा कॅमेरा आत जाणारी माणसं आठवडाभर मोजतो. जिथे माणूस सगळ्यात कमी, तिथे मंडळ आधी खर्च करतं. "आपके यहाँ सबसे जादा लोग आते हैं. मुबारक हो!"

दुसऱ्या कुणी यावर पेढे वाटले असते. वासुदेवरावांनी फक्त एवढंच विचारलं की पुढची मोजणी कधी.

"इस संडे से."

रविवारी सकाळी आठला ते दाराबाहेर उभे होते. बँकेतला शार्दूल, नऊ वर्षांचं गिऱ्हाईक, नेहमीसारखा आला.

"काका, एक मिसळ, एक पाव जास्त."

"संपली."

"आठ वाजता?"

"खलास म्हटलं ना! सुजीतकडे जा."

शार्दूल गेला. मागचे तिघे गेले. शाळेतल्या बाईंना तर वासुदेवरावांनी स्वतः सुजीतच्या दारापर्यंत पोचवलं, न जाणो, वाटेत मन बदललं तर!

"बाबा, आर यू सीरियस?" गल्ल्यावरून मिहिका म्हणाली.

"तू गप्प बस. सात दिवसांचा प्रश्न आहे."

"अहो, त्याच्या दारात बाक आलं म्हणून आपण आपली चूल विझवायची?" स्मिताताईंनी विचारलं.

"बाक नाही गं. मान!"

सातव्या दिवशी अख्ख्या गल्लीत सगळ्यात ओस दुकान वासुदेवरावांचं ठरलं. पंधरा दिवसांत छत आलं, पंखा आला, बाक आलं. वासुदेवरावांनी टेप लावून पाहिलं. सुजीतच्या बाकापेक्षा चार इंच लांब! त्यांनी नारळ फोडला, बाकाला हार घातला आणि ते सुजीतकडे बघत ऐटीत बसले.

सुजीतला मान वर करायला फुरसत नव्हती. त्याच्या दारात रांग लागली होती, बाकावर जागा नव्हती, आणि प्लेट हातात धरून माणसं बसायला ठिकाण शोधत होती. त्यातला शार्दूल हार बाजूला सारून वासुदेवरावांशेजारी टेकला.

"सॉरी काका, तिकडे फुल आहे. जरा सरकता का?"

वासुदेवराव सरकले.

"काका, तुम्ही पाठवलंत म्हणून कळलं हो, नाहीतर नऊ वर्षं आम्ही... म्हणजे तुमचीही छानच असते," शार्दूल घाईने म्हणाला. "घ्या ना, एक चमचा."

वासुदेवरावांनी चमचा तोंडात घातला. मग दुसरा, मग तिसरा.

"मीठ जास्त आहे," शेवटी ते म्हणाले, आणि प्लेट परत द्यायची विसरले.