लाल सरबताचा नवस

"साखर पुन्हा चढली," नर्स विलाईने यंत्र डॉक्टरांपुढे धरलं. "इन्सुलिन चालू असून."

"वाढव," डॉ. थानित म्हणाले. "जंतू रक्तात पसरलेत, साखर चढणारच. तासातासाला बघत राहा."

खाटेवर बुनलर्तकाका बेशुद्ध. जन्मभर बसस्टँडवर शेवयांचं सूप विकलं, तळपायात घुसलेला खिळा मात्र कुणाला सांगितला नाही. उशाशी त्यांची बायको समनियांगमावशी, मांडीत लाल सरबताची बाटली.

"मावशी, त्यांना पाजत नाही ना?" विलाईने विचारलं.

"वेडी का मी? फाटकावरल्या देवाचं आहे हे."

दवाखान्याच्या फाटकाशी खांबावर देवाचं छोटं घर होतं. पुढे उघड्या लाल बाटल्या, प्रत्येकीत नळी.

"त्या देवाला एक खाट राखून ठेवते," विलाई म्हणाली. "एवढं गोड पिऊन अजून दाखल कसा झाला नाही?"

मावशी हसली. "नवस बोललेय त्याला. ह्यांची साखर उतरव, अख्खा क्रेट चढवते."

दुपारी काकांना दरदरून घाम फुटला, नाडी धावू लागली. यंत्र म्हणत होतं, साखर चढलेलीच. विलाईने पुन्हा बोट धरलं, तर हातमोजा चिकटला.

"मावशी, बोटांना काय लावलंत?"

"काही नाही गं. बाटली देवाला द्यायच्या आधी ह्यांचा हात लावून घेते. नाहीतर पुण्य माझ्याच नावावर जायचं. आता धरता येत नाही, म्हणून बोटं बुडवते जराशी."

विलाई दर वेळी बोट स्पिरिटने पुसत होती. स्पिरिटने जंतू मेले असतील. सरबत जिवंत होतं, आणि यंत्र त्याचीच साखर मोजत होतं.

तिने दंडातून रक्त घेतलं. यंत्राने आकडा दिलाच नाही, नुसतं 'फार कमी' म्हणालं. इन्सुलिन बंद केलं, शिरेत ग्लुकोज सोडलं. साखर ठिकाणावर आली. काका आले नाहीत. संध्याकाळी गेले.

"सिस्टर, शेवटी साखर उतरली होती ना?" मावशीने विचारलं.



"उतरली होती," विलाई म्हणाली. पुढचं वाक्य तोंडात होतं, ते तिथेच राहिलं.

"मग देवाने त्याचं काम केलं."

काकांना अग्नी दिल्यावर मावशी क्रेट घेऊन फाटकाशी आली. विलाई झाकणं उघडत गेली, मावशी नळ्या घालत गेली. शेवटच्या बाटलीशी मावशी थांबली. सवयीने शेजारी हात शोधला, मग बाटली विलाईपुढे धरली.

"लाव गं हात. तूही फार केलंस त्यांच्यासाठी."

विलाईने हात लावला. वॉर्डात पोचेपर्यंत बोट चिकटतच होतं.