माहेरचा पहिला खिळा

बहिणीच्या सासरची, लुओ घराण्यातली सगळी माणसं वेशीवर गुडघे टेकून बसली होती. माहेरचा माणूस आला की तसं बसावंच लागतं. भावाने प्रेत पाहून पहिला खिळा ठोकल्याशिवाय बाईची शवपेटी बंद करता येत नाही. थान माओलिनला त्या गुडघ्यांची किळस आली. याच लोकांनी निरोप धाडला होता, की तुझी बहीण शुएयान विहिरीत पडली.

पेटी अंगणात होती. शुएयानच्या अंगावर सात थर कपडे, अस्तन्या रीतीप्रमाणे बोटांच्याही खाली ओढलेल्या. चेहरा तेवढा पुसून लख्ख केलेला.

"बघितलंस ना लेकरा? ठोक आता," घराण्यातले वडीलधारे लुओ आजोबा हातोडी पुढे करत म्हणाले. "उन्हाचं प्रेत टिकत नाही. मग गरम शेवया खाऊन घे."

"शेवया घाला तुमच्या मढ्यावर!" माओलिनने अस्तनी वर सारली. चार बोटं मोडून उलटी वळली होती. मार चुकवायला डोकं झाकलं, की अशी मोडतात.

नवरा चाओथिंग आईच्या पाठीमागे उभा होता. "जा ना पोलिसात. माझा चुलताच आहे ठाण्यात."

माओलिनने पिशवीतून शुएयानचं माहेरी राहिलेलं लग्नातलं लाल जाकीट काढलं. चाओथिंगची आई किंचाळली. लाल कपड्यात पुरलेली बाई सूड घेतल्याशिवाय जात नाही, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. माओलिनचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. पण पोलिसांना न भिणारा हा मर्दगडी कापडाला भितो, हे पाहून त्याचं डोकं आणखीच भडकलं.

"सगळ्यांसमोर बोल, नाहीतर चढवतो हे तिच्या अंगावर."

चाओथिंग आईच्या आडूनच ओरडला, "मी मारलं. फावड्याने. तीन दिवस मारत होतो."

"झालं, केलं कबूल," आजोबा घाईघाईने म्हणाले. "ठेव बाबा ते जाकीट परत पिशवीत."

"तीन दिवस?" माओलिनने अंगणातल्या गर्दीवर नजर फिरवली. इथली घरं भिंतीला भिंत लागून होती. "ओरडली असेल ना ती? कुणी ऐकलं?"

एक शेजारीण मुसमुसत म्हणाली, "नवरा-बायकोचं भांडण, दादा. आम्ही कसं मध्ये पडायचं?"

माओलिनने बहिणीचा मोडका हात अलगद उचलून लाल बाहीत घातला.

"अरे, कबूल केलं ना त्याने!" आजोबा ओरडले.

"त्याच्यासाठी नाही," माओलिन म्हणाला आणि त्याने दुसरा हात उचलला. "हे तुम्हा सगळ्यांसाठी."