झोक्याखालची वाळू

अंडे फुटले. झोक्याखालच्या वाळूवर बलक पसरला आणि तसाच राहिला.

"बघा, बाबा," मुलगी म्हणाली. "नुसतं खांद्याच्या उंचीवरून सोडलं. ही वाळू आहे की फरशी?"

गवंड्याने वाकून बोट दाबले. बोट आत जाईना. दोन दिवस खपून त्याने परसातला स्वतःचाच कोबा फोडला होता, हातभर खोल खणून वाळू भरली होती. आणि मग चाळीस वर्षांची सवय नडली. पाणी मारले, धुम्मसाने चोपले, थापीने सपाट केले. हात आपोआप चालले होते.

तो कोबा मुलीच्या जन्माच्या वर्षी घातलेला. त्यावर पाण्याचा थेंब साचत नसे. दोन महिन्यांपूर्वी नात झोक्यावरून त्या कोब्यावरच पडली आणि तिचे कोपर मोडले. तेव्हापासून मुलगी कामावर जाताना तिला शेजारणीकडे ठेवी. आज मुलीला वाळू पटली तर नात आणि तिची पिशवी इथे राहणार होती. नाहीतर पुन्हा शेजारणीकडे.

"रबराच्या चटया घेऊ म्हटलं होतं मी."

"कोब्यावर बोटभर चटई टाकून काय होणार? खाली दगड तो दगडच."

"आणि हे काय लोणी आहे?"

गवंडी कोपऱ्यातले फावडे घेऊन आला.

पायरीवर बसलेल्या नातीने विचारले, "आजोबा, तुमचं चुकलं?"

"चुकलं."

"मग पाच वेळा गिरवा."

तिला अक्षरे शिकवताना तो हेच सांगे. त्याने वाळू पाच वेळा खालीवर केली. मुलगी घड्याळ बघत उभी होती, पण गेली नाही. दुसरे अंडे टाकले, ते अर्धे रुतून बसले. फुटले नाही.

"ये, बस झोक्यावर," तो म्हणाला.

नात पायरीला चिकटून बसली. "आधी तुम्ही पडा."

"बाबा, काहीतरीच काय! वय बघा."

पण तो झोक्यावर बसला, दोन झोके घेतले आणि कुशीवर वाळूत पडला. नात खुदकन हसली. मुलगी हसली नाही. तिने त्याच्या खांद्यावरची वाळू झटकली, पिशवी पायरीवर ठेवली.

"सहाला येते. झोका उंच नको."

ती गेली. वाळूत त्याच्या अंगाचा वाकडातिकडा खड्डा उरला होता. त्याने पाहिले, आणि हात थापीकडे गेला. थापी उचललीही. मग तो थांबला.

"ही घे," तो नातीला म्हणाला. "मला सापडणार नाही अशी लपव."

"कायमची?"

"कायमची."

नातीने मोडलेलाच हात पुढे केला. जेवढा सरळ होत होता, तेवढाच.