गीताबाईंचा भाडेकरू

गीताबाईंच्या घरात एकच भाडेकरू होता, आणि तो त्यांच्याच पोटचा होता. चिकलठाण्याचं हे घर त्यांचे मालक कचरू यांनी कारखान्यातून निवृत्त होताना बायकोच्या नावावर करून ठेवलं. पुढे मुलाला, प्रणयला, नोकरी लागली, तेव्हा कंपनीतल्या कुणीतरी त्याला सांगितलं, आईला घरभाडं दे, टॅक्समध्ये सूट मिळते. तेव्हापासून दर महिन्याला बाईंच्या खात्यावर दहा हजार यायचे आणि त्या पावतीवर सही करून द्यायच्या. प्रणयच्या लेखी ते कागदापुरतं भाडं होतं. पण त्यानं ते कधी परत मागितलं नाही, आणि बाईंनीही ते कधी कागदापुरतं मानलं नाही.

जन्मभर मिठापासून पातळापर्यंत दुसऱ्यापुढे हात पसरलेल्या बाईला उतारवयात स्वतःचा पैसा मिळाला होता. विहारात वर्गणी द्यायची तर त्या कुणाला विचारत नव्हत्या. यंदा तर पिशोरच्या धाकट्या बहिणीला, रत्नमालाला, कानाचं मशीन घेऊन द्यायचा शब्द त्यांनी दिला होता. अर्धे पैसे साठले होते, उरलेले एप्रिलच्या भाड्यातून निघणार होते, आणि रत्नमाला शनिवारी यायची होती.

पगार होऊन चार दिवस झाले तरी खात्यावर काही आलं नाही. बँकेचाच घोळ असेल, असं म्हणत बाईंनी जेवताना विषय काढला.

"अगं, सांगायचंच राहिलं," प्रणय खुशीत म्हणाला. "मी नवी करपद्धत घेतली. एकदम सोपी. भाड्याची सूट नाही, पावत्या नाहीत, काही नाही. टॅक्सही थोडा कमीच बसतो. तुझी सह्यांची कटकट मिटली बघ."

आता हे सोपं प्रकरण निवडायला नवरा-बायको दोन रविवार कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते, ती गोष्ट वेगळी. पण टॅक्स खरंच कमी झाला होता आणि लेकाचा चेहरा फुलला होता. बाईंचा घास तोंडातच फिरत राहिला. आपण इतके दिवस या घराच्या मालकीणबाई होतो, आणि एका दमात पुन्हा कुणाच्या तरी आई झालो, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"काय लागलं तर मागत जा की," प्रणय म्हणाला. "मी काय परका आहे?"

सून करुणा भाकरी वाढता वाढता थांबली. तिला स्वतःचा पगार होता, मागणं म्हणजे काय ते तिला नेमकं ठाऊक होतं. पण ती मध्ये पडली नाही.

बाई पाणी प्यायल्या. "व्हय रे, तुझा कायदा सोपा झाला?"

"झाला ना."

"मग माझा बी लई सोपा हाय. घर माझं, राहतो तू. भाडं टाक."

प्रणय हसला. मग आईच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू थांबलं. "आई, पण आता त्यावर सूट मिळत नाय गं."

"सूट सरकार देत व्हतं, बाबा. घर मी देते."

प्रणयनं डावा हात पँटला पुसला आणि मोबाईल ओढून घेतला. त्याचे कान लाल झाले होते.

"किती टाकू?" त्यानं मान खाली घालून विचारलं.

"मागल्या साली व्हतं तेवढंच," गीताबाई म्हणाल्या. "पोटचा हायेस म्हणून वाढवलं नाय."