ओनोदेराचे चेंडू

मी बेसबॉलच्या कॅचरचा हातमोजा. पिचरने टाकलेला चेंडू झेलायचा, एवढंच माझं काम. १९४७ साली, युद्धाने होरपळलेल्या तोक्योत, बूट शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याने जुन्या फौजी बुटांचं कातडं उसवून मला शिवलं.

त्याच वर्षी ‘इनाझुमा’ नावाचा व्यावसायिक संघ उभा राहिला. इनाझुमा म्हणजे वीज. अकराच खेळाडू, निम्मे लढाईवरून परतलेले. माझा मालक नेमोतो अठरा वर्षांचा होता, पिचर ओनोदेरा एकोणीसचा. दोघं रताळी खाऊन खेळायचे. तरी ओनोदेराचा चेंडू आला की माझा तळवा झणझणायचा.

मोठ्या संघांपुढे आम्हाला मैदानं मिळेनात. प्रेक्षक आटले. एका हंगामातच संघ मोडला.

शेवटच्या सामन्यात ओनोदेराचा खांदा दुखत होता. त्याने नेमोतोकडे पाहिलं. नेमोतोला जिंकायचं होतं. कोणता चेंडू टाकायचा ते कॅचरच खुणेने सांगतो; त्याने वेगवान चेंडूची खूण केली. पुन्हा केली. तिसऱ्या चेंडूला ओनोदेरा खांदा धरून खाली बसला. तो परत कधीच खेळला नाही. शरमेने नेमोतोने त्याला एक पत्रही लिहिलं नाही. मी चौसष्ट वर्षं कपाटात पडून राहिलो.

२०११ च्या मार्चमध्ये भूकंप झाला आणि तोक्योजवळच्या त्सुकुबातल्या घरातलं ते कपाट आडवं झालं. एकट्या राहणाऱ्या नेमोतोला आवराआवरीत मदत करायला शेजारची सरोजिनी आली होती. ती पुण्याची, इथे संशोधन करणारी.

“नेमोतो-सान, हे जळाऊ कचऱ्यात टाकू?”

“नको!” म्हातारा मला उराशी धरून बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. ओनोदेराचं गाव उत्तरेकडच्या मियागी प्रांताच्या किनाऱ्यावर होतं. त्सुनामीने ते धुऊन नेलं होतं.

सरोजिनी रोज इंटरनेटवर निवारा केंद्रांच्या याद्या चाळायची. अखेर एक नाव सापडलं, फुमी ओनोदेरा. चौकशी केली, तर ती त्याची बायको निघाली.

मे महिन्यात सरोजिनी आम्हाला गाडीने घेऊन गेली. शाळेच्या जिममध्ये, पुठ्ठ्याच्या आडोशामागे फुमी बसली होती. ओनोदेरा अजून बेपत्ता होता.

नेमोतोचं नाव ऐकताच ती वाकली. “तुमच्याबद्दल ते नेहमी सांगायचे. म्हणायचे, नेमोतोने मला दोनदा थांबवलं होतं, मीच ऐकलं नाही.”

त्याने थांबवलं नव्हतं. तिथे मी होतो.

“नाही,” नेमोतो म्हणाला. “मी थांबवलं नाही. मीच टाकायला लावलं.”

फुमी म्हणाली, “तुम्हाला दोष दिलेला त्यांना आवडला नसता. मीही देणार नाही.”

नेमोतोने मला तिच्यापुढे ठेवलं. “याच्या तळव्यातला हा खळगा त्याच्याच चेंडूंनी पडलाय. तुमच्याकडे राहू दे.”

आता मी फुमीच्या तात्पुरत्या घरात फळीवर आहे. ओनोदेराचा एकही फोटो पाण्यातून वाचला नाही. रोज सकाळी ती फोटोऐवजी माझ्यापुढे चहा ठेवते, हात जोडते आणि काल काय काय झालं ते सांगते. मी ऐकतो.