परसातली चूल

चिंधीच्या पोटात गोष्ट टिकली असं आजवर कधी झालं नाही. त्या दिवशी तर थोरली जाऊ सकाळी सकाळी समोरच उभी होती. मग काय विचारता!

“अवो बाय,” तिनं कुंपणावरूनच हाक घातली, “तुमी लेकीकडं नेरळला गेलात आन् हिकडं तुमच्या सुनेनं परसात चूल मांडली की!”

जयवंताच्या हातातलं शेणाचं घमेलं हातातच राहिलं.

“आंघोळीचं पानी तापवायला मांडली असंल,” ती कशीबशी म्हणाली.

“तर, तर! मी बी तेच म्हनले होते तवा,” असं म्हणून चिंधी खुदकन हसली आणि घरात पळाली.

आता हे हसणं जयवंताला का झोंबलं, ते सांगायला हवं. ही चिंधी तिची धाकटी जाऊ. ती या घरात नवी होती तेव्हा तिनंही अशीच परसात चूल मांडली होती, नुसतं पाणी तापवायला म्हणून. मग त्या चुलीवर चहा चढला, मग भात, आणि शिमग्यापर्यंत घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. ती भिंत अजून आहे. तेव्हापासून परसात चूल म्हटलं की जयवंताला आधी भिंतच दिसते.

ती तडक मागे गेली. जांभळाखाली विटांची चूल होती, लिंपण अजून ओलं होतं आणि वर हळदकुंकूसुद्धा वाहिलेलं! म्हणजे रीतसर मांडलेली चूल. एकुलता एक दत्ता, त्याची ही बायको संध्या, आणि ही दोघं वेगळी झाली तर आपण कुणाच्या तोंडाकडं बघायचं?

सरळ विचारता आलं असतं. पण विचारलं आणि संध्या ‘हो’ म्हणाली तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं ठरवून जयवंतानं भांडी आपटायला सुरुवात केली.

संध्या बिचारी दोनदा जवळ आली. “आई, ते चुलीचं तुमाला सांगायचं होतं…”

“मला हल्ली ऐकायला कमी येतं,” जयवंता म्हणाली आणि आपल्या चुलीला पोतेरं घालायला लागली.

ही आतली चूल म्हणजे तिचं राज्य. गॅस आला, त्यावर संध्यानं चहा करावा, डाळ करावी, पोरांचे डबे करावेत. भाकरी मात्र चुलीवर, आणि चुलीपुढचा पाट जयवंताचा. दुसऱ्या कुणी तिथं फुंकणीला हात लावायची बिशाद नव्हती.

दत्तानं रसायनीला कंपनीत निघताना एकदा विचारलं, “आये, झालंय तरी काय?”

“मला काय व्हायचंय? तू जा रं बाबा.” तोही सुटलो म्हणत गाडीला किक मारून गेला.

रविवारी उलगडा झाला. संध्या फोनवर बोलत होती, “हो ताई, चुलीवरच्याच भाकऱ्या, तांदळाच्या. दुपारी माणूस पाठवा.” पळसदरीच्या धरणाजवळ बंगल्यावर मुंबईची मंडळी उतरली होती, त्यांची ऑर्डर. जयवंताला वाटलं, झालं! कमाई वेगळी, चूल वेगळी. आता भिंतीच्या विटा तेवढ्या टेंपोतून यायच्या राहिल्या.

संध्यानं बाहेर चूल पेटवली, म्हणजे पेटवायला घेतली. जाळ कमी आणि धूर असा की जांभळावरचे कावळे उठले. पहिली भाकरी कडेनं करपली आणि मध्ये कच्ची राहिली. दुसरी उलटताना फाटली. जयवंता आतून खिडकीतून बघत होती. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. विझू दे मेली! आज ऑर्डर बुडाली की ही चूल गेली, आणि घर एक राहिलं. आपण फक्त गप बसायचं.

म्हणून ती गप बसली. करपल्या पिठाचा वास नाकात गेला तरी पदर नाकाला लावून बसली. तेवढ्यात बाहेरून संध्याचा रडवेला आवाज आला. ती चुलीशीच बोलत होती.

“पेट गं बाई, पेट! आईंनी बघितलं तर काय म्हनतील?”

जयवंता उठली ती थेट परसात.

“शेवग्याचं लाकूड कुनी जाळतं का गं? आन् येवढी उंच चूल? तवा आभाळात, जाळ पाताळात!”

“मला कुठं येतं, आई? तुमी कधी करू दिलीत?” संध्यानं राखेच्या हातानं डोळे पुसले. “ऑर्डर आली तवा तुमी नेरळला. नाय म्हनवेना. आन् तुमच्या चुलीला न विचारता हात लावायची माझी छाती नाय. म्हनलं, आपली भायेरच मांडू. सांगायला आले तर तुमाला ऐकायला येईना.”

“म्हंजे तुला येगळं नाय ऱ्हायचं?”

“येगळं?” संध्याचं तोंड उघडंच राहिलं. “अवो, मला धड भाकरी येत नाय. येगळी राहून खाऊ काय?”

जयवंताला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांना धार लागली. किती हलकं वाटलं तिला! “मेला धूर किती केलास,” असं म्हणून तिनं पिठाची परात उचलली. “चल आत.”

आतल्या चुलीत ऐनाची लाकडं धडधडत होती. संध्या सवयीनं बाजूला उभी राहिली.

“बस पाटावर.”

“तुमी बसा, आई. मी थापून देते.”

“मी थापते. तू शेक. बस म्हनते ना!”

संध्या बिचकत बसली. तिसरी भाकरी टम्म फुगली तेव्हा दोघीही एकदमच “फुगली!” म्हणून ओरडल्या. बंगल्यावरचा माणूस आला तेव्हा चळत तयार होती.

पुढच्या आठवड्यात चिंधी कुंपणाशी आली. परसातली उंच चूल मोडून तिथं बुटकी, रुंद तोंडाची चूल झाली होती. वर आंघोळीच्या पाण्याचा हंडा, आणि समोर शाल पांघरून, हात शेकत जयवंता बसलेली.

“काय ओ बाय, शेवटी सुनेनं चूल येगळी केलीच ना?”

“सुनेनं नाय, मी केली. आतली आता तिची.”

चिंधी घाईघाईनं शेजारी सांगायला निघाली. जयवंतानं एक लाकूड पुढं सारलं, हवेत वास घेतला आणि मान वळवून ओरडली, “संध्ये, भाकर करपते गं!”

“नाय करपत, आई!” आतून आवाज आला. “तुमी तुमचं पानी बघा.”

जयवंता हंड्यात बोट घालून पाणी बघायला लागली.