पाव वाटी

“पाव वाटी म्हणजे वाटीभर पाव नव्हे रे बाळांनो,” मावशी म्हणाली आणि बाराही पोरं खिदळली. “ह्या वाटीतल्या साखरेचे चार सारखे ढीग करा. त्यातला एक ढीग म्हणजे पाव वाटी. कळलं?”

“कळलं!”

एकवीस वर्षं मावशी शाळेतल्या मुलांचं जेवण रांधत होती. पावाच्या वासानं पोरं दारात घुटमळायची, म्हणून तिनंच एकदा त्यांना पिठात हात घालू दिला. फळ्यावर न कळलेले अपूर्णांक त्या पिठात कळायला लागले, तेव्हा तिसरीच्या बाईंनी शुक्रवारी त्याचा तासच ठेवला. चष्मेवाली एक मुलगी गणित म्हटलं की रडायची. दोन पाव मिळून अर्धं होतं, हे तिनं आपणहून सांगितलं त्या दिवशी मावशीनं तिला पिठाच्या हातांनीच कुशीत घेतलं होतं.

पालकांना हा तास दाखवायचं ठरलं. बाईंनी कृतीची कार्डं छापून आणली. आदल्या दिवशी मावशी स्टाफरूमच्या दाराशी गेली.

“बाई, तुमच्यापासून काय लपवायचं? तुम्हाला ठाऊकच आहे, मला अक्षरओळख नाही. कार्डावर काय आहे ते एकदा वाचून दाखवा ना.”

बाईंनी वहीतून मान वर केली नाही. “तुमचाच पाव आहे, मावशी. नेहमीसारखं म्हणा.”

दुसऱ्या दिवशी मावशी धुवट पातळ नेसून आली. स्वयंपाकघर पालकांनी भरून गेलं होतं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, पहिल्या रांगेत होत्या.

“मावशी, तुम्हीच वाचून सुरुवात करा,” बाई गोड हसून म्हणाल्या.

मावशीनं कार्ड दोन्ही हातांत धरलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “तीन वाट्या मैदा. पाव वाटी साखर. कोमट पाण्यात यीस्ट...”

पोरं आपापल्या कार्डात बघू लागली. चष्मेवालीनं बोट ठेवून दोनदा वाचलं आणि हात वर केला. “मावशी, यीस्ट नाहीये. बिस्किटं लिहिलंय.”

“असू दे गं,” मावशी म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “मैदा... तीन वाट्या...”

“दोन लिहिलंय! मावशीला वाचताच येत नाही!” मागून कुणीतरी ओरडलं, आणि एकच हशा पिकला. चष्मेवालीही हसली. सगळे हसत होते म्हणून हसली.

“ह्या शिकवतात आमच्या मुलांना?” एका बापानं विचारलं.

“छे, छे!” मोठ्या बाई उठल्याच. “त्या भांडी-बिंडी बघतात. शिकवतात आमच्या बाई.”

मावशीनं बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. “मी कार्ड बदललं होतं, सांगायचं राहून गेलं,” एवढंच त्या म्हणाल्या, तेही मोठ्या बाईंना. मावशीनं कार्ड ओट्यावर ठेवलं आणि ती मोरीकडे गेली. तासाच्या शेवटी वाजलेल्या टाळ्या तिनं तिथूनच ऐकल्या.

पुढच्या शुक्रवारी तास बाईंनीच घेतला. त्यांनी पावाची नवी कार्डं वाटली आणि यीस्टवर उकळतं पाणी ओतलं. वाफेच्या वासावरून मावशीनं पाठमोरीच ओळखलं, की यीस्ट मेलं, आता पीठ फुगायचं नाही. ती ताटं विसळत राहिली.

तासाभरानं चष्मेवाली मोरीपाशी आली. तिच्या हातात पिठाचा गोळा होता, दगडासारखा बसलेला.

“मावशी, माझा फुगतच नाहीये. सगळ्यांचे तसेच झालेत. बाई म्हणतात, आम्हीच नीट मळलं नाही.” तिचे डोळे भरून आले होते. “काय करू?”

मावशीच्या ओठांवर उत्तर होतं. पाणी आधी मनगटावर टाकून बघायचं, चटका बसता कामा नये. कपाटात अजून यीस्ट होतं. अर्ध्या तासात सगळं नव्यानं मळून होण्यासारखं होतं.

“कार्डावर बघ,” ती म्हणाली. “तुला वाचता येतं ना?”

मुलीच्या चष्म्याखालून एक थेंब गोळ्यावर पडला. मग ती वळली आणि पिठाची पावलं उमटवत बाकीच्या पोरांकडे गेली.

मावशीनं नळ मोठा सोडला आणि स्वच्छ झालेलं ताट पुन्हा घासायला घेतलं.